मनुका पाठवणारा मामा

आमच्या कयलचे एकुलते एक मामा, अल्लीचे एकुलते एक बंधू आणि माझे (देवाची कृपा) एकुलते एक मेहुणे श्री. अन्बरसु यांस,

वयाने धाकटे असलात तरी मामाच्या मानाने आधी नमस्कार. सांबा भाताची कापणी उरकली असेल. तुमची कंबर कशी आहे? तुमची म्हातारी गाय अजून फक्त डावीकडूनच दूध काढू देते का? आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. कयल बोलायला लागली आहे आणि थांबायचं नाव घेत नाही. तुम्ही फोनवर माझा नंबर बंद करून ठेवलाय हे मला माहीत आहे. पण पोस्टमनला कसा बंद करणार, म्हणून हे पत्र. आता 'तुम्ही' पुरे झालं. एवढा मान माझ्या हाताला पेलत नाही.

तर अन्बरसु, पोंगलची हकीकत ऐक. सासूबाई गेल्यापासून तुझ्या बहिणीचं माहेर म्हणजे तू एकटा. दर वर्षी भोगीच्या आधी माहेरची भेट म्हणून तुझं सीर यायचं: तांदूळ, गूळ, हळदीचं रोप आणि ऊस. या वर्षी काही आलं नाही. का आलं नाही ते तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. आवणी महिन्यातल्या त्या सकाळी देवळात कयलचे कान टोचायचे होते, मामाच्या मांडीवर बसवून. मुहूर्त निघून चालला होता, तुझी बस आली नव्हती, सोनार घड्याळाकडे बघत होता आणि आमच्या वडीलधाऱ्यांनी पोरीला माझ्या चुलतभावाच्या, सेंदिलच्या मांडीवर बसवलं. तेवढ्यात तू हार घेऊन गोपुराखाली उभा. मामाची जागा भरलेली बघून तू हार तिथेच खांबाला अडकवलास आणि आलास त्याच बसने परत गेलास. (ती बस यायला उशीर करते, जायला नाही.) तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मामाची मांडी ती मामाची. पण बहिणीला सीर न पाठवणं म्हणजे म्हशीवरचा राग पखालीवर काढणं झालं.

अल्ली काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा घरात वावरणं किती अवघड होतं हे तुला सांगायला नको, तू तिच्याबरोबर लहानाचा मोठा झालास. भोगीच्या पहाटे दारात जुनंपानं जाळायला मी शेकोटी पेटवली. फाटक्या चटया, मोडका झाडू आणि हाताला लागेल ते टाकत होतो, त्यात एक जुनं सूपही टाकलं. अल्लीने उघड्या हातांनी ते जळतं सूप ओढून काढलं. ते सासूबाईंनी दिलेलं होतं म्हणे. आता त्याला एकच बाजू आहे. त्यात तांदूळ पाखडले की कोंडा राहतो आणि तांदूळ उडतात, तरी ती त्यातच पाखडते.

ते बघून मला अक्कल सुचली. (माझी अक्कल नेहमी अशी उशिरा आणि उलट्या दिशेने येते.) मी गुपचूप कुंभकोणमला गेलो, बाजारात नवं पितळी भांडं घेतलं, पाच ऊस घेतले, गूळ, रेशमी साडी, काजू आणि मनुका घेतल्या आणि एका ओळखीच्या रिक्षावाल्याला पढवून ठेवलं, की दारात जाऊन मोठ्याने सांग, अन्बरसु अण्णांनी बहिणीसाठी पाठवलंय. त्याने ते इतक्या मोठ्याने सांगितलं की अर्धी गल्ली बाहेर आली. सर्वांत पुढे समोरच्या कामाक्षी आत्या. त्यांना गेले चार दिवस आमच्या दाराकडे बघूनबघून मान अवघडली होती. अल्लीने पदर सावरून हसतमुखाने सगळं उतरवून घेतलं, रिक्षावाल्याला पाणी दिलं, मग आत येऊन दार लोटलं आणि मला विचारलं, "दुकान कुठलं?"

मी अंगाला लावून घेतलं नाही. तेव्हा तिने एकेक वस्तू माझ्यापुढे ठेवली. माझा भाऊ पाच ऊस पाठवेल? दोन पाठवतो, आणि त्यातला एक वाकडा असतो. आपल्या मळ्यातला ऊस मुळासकट उपटलेला असतो, मुळांना चिखल असतो, हे तर सुरीने छाटलेले. आणि मनुका? ती म्हणाली, "माझ्या धाकट्या तंबीने जन्मात कुणाला मनुका दिलेल्या नाहीत. स्वतःसुद्धा खाल्लेल्या नाहीत." तुझ्या चिकटपणावर तिचा इतका विश्वास आहे, अन्बरसु, की मला तुझा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी अंगणात कोलमची रांगोळी काढून चूल मांडली, पण नवं भांडं काही तिने चुलीवर चढवलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पोंगलला तू आणलेलं, बसमधून उतरताना तुझ्या हातून पडून पोचा आलेलं, तेच चढवलं. त्याच्या गळ्याला हळदीचं रोप बांधलं. (हळद बाजारचीच, पण तिच्यावर ती रागावली नाही.) आता पोचा आलेलं भांडं सरळ कसं बसणार? ते कललं. सगळी गल्ली बघत असताना दूध वर आलं आणि पूर्वेला सांडायचं सोडून धो धो दक्षिणेला सांडलं, म्हणजे माझ्या पायावर. आम्ही सगळे "पोंगलो पोंगल" म्हणून ओरडलो, त्यात माझं ओरडणं वेगळ्या कारणाने होतं. कामाक्षी आत्यांनी लगेच गालावर बोट ठेवलं, दक्षिण ही यमाची दिशा, घराला हे बरं नव्हे म्हणाल्या. अल्लीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि शांतपणे म्हणाली, "आत्या, दक्षिणेला माझं माहेर आहे." मग तिला धूर लागला. तिथे धूर नव्हता.

तिसऱ्या दिवशी, गुराढोरांच्या पोंगलला, बैलाची शिंगं रंगवली आणि तुझ्या नावाचे पाचही ऊस अल्लीने त्याला घातले. साडी माझ्या आईला गेली आणि मनुका वाटीवाटीने गल्लीत वाटल्या. त्यामुळे इकडे तुझी कीर्ती फार वाढली आहे. कामाक्षी आत्या आपल्या भावाला तुझं उदाहरण देतात आणि तो बिचारा आमच्या दारावरून जात नाही. माझा पाय बरा आहे. बाकी सगळं क्षेम आहे, तुझ्याकडून मला काही एक नको, हे पत्र केवळ खुशाली कळवायला लिहिलं आहे. कंबरेला एरंडेल चोळत जा.

तुझा दाजी,
तिरुमारन

ता. क. कुणी विचारलं तर मनुका तूच पाठवल्या होत्यास. एवढं खोटं बोलायला तुला पैसे पडणार नाहीत.

आणखी ता. क. एक सांगायचं राहिलं. तू बसमध्ये चढलास तेव्हा सोनाराने एकच कान टोचला होता. अल्लीने तुला जाताना पाहिलं आणि पोरीला सेंदिलच्या मांडीवरून उचलून घेतलं. सोनार ओरडला, वडीलधारे रागावले, पण तिने दुसऱ्या कानाला हात लावू दिला नाही. तेव्हापासून आमची कयल एका कानात डूल घालून फिरते. दुसऱ्या बाजूला अल्ली अबोलीचा भलामोठा गजरा कानावर ओढून बांधते आणि विचारणाऱ्याला पोरीला ताप आहे म्हणून सांगते. पाच महिने ताप असलेलं मूल आता गल्लीत कुणी जवळ घेत नाही. ती तुला बोलाव म्हणणार नाही आणि हे पत्र तिने पाहिलेलं नाही. पोंगलचा हा तै महिना अजून उरला आहे. सोनाराला मी सांगून ठेवलंय, की या वेळी मुहूर्त बघायचा नाही, बस बघायची. येताना दोन ऊस आण. एक वाकडा चालेल, पण मुळांचा चिखल झटकू नकोस.