दोन घरांना एक चूल

मुंबई,
१२ जून १९६६

ती. सुगंधाबाय हिस मधूचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र हातात पडेल तेव्हा तू मागीलदारी असशील तर आधी ओटीवर येऊन बस. अप्पांनाही बोलाव. बसलीस? आता वाच. मला व्यवस्थापन शिकवणाऱ्या त्या संस्थेत प्रवेश मिळाला. हजारावर अर्ज होते, जागा साठ, आणि त्या साठांत आचऱ्याचा मधू वायंगणकर आहे.

काल दुपारी पोस्टमनने खोलीवर पाकीट दिलं. मी तीनदा वाचलं आणि मग गणपतला वाचायला दिलं, कारण आपल्याला इंग्रजी नीट येतं की नाही याचीच मला शंका यायला लागली होती. गणपतने वाचलं, स्टोव्हवरचा भाताचा टोप उतरवला, मला खानावळीत नेलं आणि माझ्यासाठी दोनदा सोलकढी मागवली. आपल्या गावचा माणूस सोबत असला की आनंद असा मुकाट्याने साजरा होतो.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर बाकावर माझ्या शेजारी कोण कोण होते ते तुला सांगायला हवं. एकजण कापडगिरणीत पाच वर्षं इंजिनियर. दुसरा चहाच्या कंपनीत साहेबाच्या हाताखालचा साहेब. आणि मी, सात महिने जहाज कंपनीच्या कचेरीत मालाच्या कागदांच्या नकला करणारा कारकून. त्यांचे बूटसुद्धा अनुभवी वाटत होते. तरी घेतलं त्यांनी मला, बाय. पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं.

अप्पांचा पाय पावसात दुखतो का? गुरांचा मांगर शाकारून झाला का? सरपण आत घेतलंस ना? गेल्या वर्षीसारखं भिजवू नकोस. माझी काळजी करू नकोस, मी दोन्ही वेळा जेवतो.

आता एक काम आहे. निवडीच्या पत्रात टाईप केलेल्या मजकुराखाली एका साहेबांनी शाईने एक ओळ लिहिली आहे. तिचं उत्तर फक्त तुझ्याकडे आहे. ती ओळ सांगायची तर मुलाखत सांगायला हवी, मुलाखत सांगायची तर अर्ज सांगायला हवा, आणि अर्जाचं म्हणशील तर, बाय, अप्पांना जरा आत जायला सांग.

शिमग्याला आलो होतो तेव्हा तू म्हणालीस, काय भरलंस ते वाचून दाखव. मी मराठी करून वाचलं. नाव, गाव, परीक्षा, गुण, छंद. छंद ऐकून तू हसलीस. पण मधलं एक पान मी वाचलं नाही. तिथे विचारलं होतं, कामाचा अनुभव काय, आणि माणसांकडून काम करून घेतल्याचं एखादं उदाहरण. खाली बारा ओळींची जागा. माझे सात महिने एका ओळीत संपले. उरलेल्या अकरा ओळींकडे मी आठवडाभर बघत होतो. मग तिथे मी गावपळण लिहिली. तुझी गावपळण, आणि माझी म्हणून लिहिली.

लिहिलं की आमच्या गावी तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव गुरं, कुत्री, कोंबड्या घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. मागे गावात एक दिवासुद्धा पेटत नाही. लिहिलं की १९६२ साली आमच्या वाडीतल्या एकतीस घरांची सगळी व्यवस्था मी केली. कोणी कधी निघायचं, गाड्या किती लागतील, म्हातारी माणसं कोणी उचलायची, खोपी कुठे घालायच्या. खरं काय ते तुला माहीत आहे. अप्पा पाय मोडून खाटेवर होते आणि ठरवत होतीस तू. लोक अप्पांचंच नाव घेत म्हणाले, गंगारामांनी चोख केलं. मी कॉलेजातून सुट्टी काढून आलो होतो आणि तू सांगशील ते वहीत लिहीत होतो. माझं काम एवढंच होतं.

मुलाखतीला तिघे होते. मधले साहेब पूर्वी लष्करात रसदीचं काम बघायचे. पांढऱ्या मिशा, आवाज मऊ. त्यांनी बाकीचा अर्ज बाजूला ठेवून तेच पान धरलं. कोंबड्या कशा नेल्या? म्हटलं, टोपल्यांत घालून, वरून जाळं बांधून, आणि कोंबडे वेगवेगळ्या गाड्यांत. का? म्हटलं, रस्ताभर भांडतात. तिघेही हसले आणि माझी भीड चेपली. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. म्हणाले, तळ कसा होता ते काढून दाखवा. तुझी यादी मला पाठ आहे. मी एकतीस खोपी काढल्या आणि तीन-तीन दगडांच्या चुली. साहेबांनी पेन्सिलीने चुली मोजल्या. तीस भरल्या.

मी म्हटलं, दोन घरांना एक चूल होती. कुठली दोन घरं, त्यांनी विचारलं. आणि मी फटकन सांगून बसलो. एक हौसाकाकीचं, आणि दुसरं बाबलीकाकीचं, जिच्या हातून तू आणि मी दोघं या जगात आलो. बांधावरच्या फणसावरून दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "भांडणारे कोंबडे तुम्ही वेगळ्या गाडीत घातलेत आणि भांडणारी माणसं एका चुलीवर बसवलीत. काय विचार केला होता?"

थाप तयार होती. जागा अपुरी होती, म्हणून. इंग्रजी वाक्यसुद्धा जुळवलं होतं. पण विचार काय केला होता असं कोणी समोर बसून विचारलं तेव्हा कळलं, की मी काहीच केला नव्हता. मला वेशीबाहेरचा तो तळाचा माळ आठवला. मी वही घेऊन तुझ्यामागे धावत आलो होतो, "बाय, ह्यो घोळ झालो, दोघीय एकाच चुलीर इल्यो," आणि तू हातातला कोयता खाली न ठेवता म्हणालीस, "घोळ नाय. लिव तू."

मी साहेबांना म्हटलं, "सर, मला माहीत नाही. हे मी केलेलं नाही. माझ्या मोठ्या बहिणीने केलं. मी यादी लिहीत होतो."

साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. मग त्यांनी विचारलं, बहीण किती शिकली आहे. म्हटलं, सातवी. अर्जात हे का नाही लिहिलंत? म्हटलं, लाज वाटली. कशाची, ते त्यांनी विचारलं नाही. तुला सांगतो. तुझ्या सातवीची वाटली आणि माझ्या सात महिन्यांचीही. आज मला त्या लाजेचीच लाज वाटते. तिथून बाहेर पडलो तो सगळं संपलं असं धरूनच.

आणि काल हे पत्र. शाईची ओळ अशी आहे: 'चुलीबद्दल आपल्या बहिणीला विचारावे आणि उत्तर घेऊन यावे. आम्हा तिघांनाही ते हवे आहे.'

मलाही हवं आहे. मी तुझी गोष्ट तुला न विचारता घेतली. मला माफ कर. हवं तर खूप रागाव, पण उत्तर लिही. संस्था पाच जुलैला उघडते.

तुझी यादी लिहिणारा,
मधू


आचरा,
२१ जून १९६६

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

पत्र गुरुवारी मिळालं. अप्पांना मी आत पाठवलं नाही. सगळं त्यांच्यासमोर वाचलं. साठांत तू आहेस हे ऐकल्यावर ते काठी न घेता देवळापर्यंत गेले, नारळ ठेवला, आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत आले. संध्याकाळी एवढ्या पावसात माणसं खोळी पांघरून आपल्या ओटीवर जमली. बाबलीकाकीने गूळखोबरं वाटलं. तुझं पत्र मी त्या दिवसापासून तीनदा वाचून दाखवलं, एकही पान न गाळता. तुझे कान लाल झाले असतील तर होऊ देत.

मधलं पान तू वाचलं नाहीस हे मला शिमग्यालाच कळलं होतं. दोन पानं एकदम उलटली की दिसतं, त्याला इंग्रजी यावं लागत नाही. त्यात काय असेल ते ठाऊक नव्हतं, पण माझ्यापासून काहीतरी लपवलंस म्हणून फार राग आला होता. आता नाही. तुझी जागा हातातून जात होती तरी तू खरं बोललास. मी खूप रडले, मधू, पण आनंदाने रडले.

आता चुलीचं. त्या मार्गशीर्षात हौसाकाकीच्या सुनेला, सीतेला, आठवा लागला होता. पहिलं मूल गेलेलं, म्हणून हौसाकाकी कोणाला सांगत नव्हती. पण विहिरीवर बाई पाणी कशी ओढते त्यावरून बायकांना कळतं. अडलेली बाई सोडवणारी वाडीत एकच, बाबलीकाकी, आणि तिच्याशी बोलणं नाही. समजावून सांगितलं असतं तर दोघींनी मलाच घराबाहेर काढलं असतं. म्हणून चूल एक ठेवली. सरपण एकीच्या खोपीत टाकलं, तांदूळ दुसरीच्या. पहिला दिवस दोघी पाठमोऱ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी विस्तव विझायला आला तेव्हा बाबलीकाकीने फुंकणी पुढे सरकवली. तिसऱ्या दिवशी फणसावरून कडाक्याचं भांडण झालं. मी हसत होते, कारण भांडायला का होईना, अकरा वर्षांनी तोंडं उघडली होती. गाव वेशीत परत आलं, त्यानंतर महिन्याभराने हौसाकाकी बांध ओलांडून गेली आणि म्हणाली, "बाबले, सीता अडलीहा. येतंस मा?" बाबलीकाकी हातातलं काम टाकून धावली. ती पोरगी आता साडेतीन वर्षांची आहे आणि दोन्ही घरांत जेवते.

शिमग्याला त्या दोघी आपल्याच खळ्यात काजू फोडत बसल्या होत्या. तू त्यांच्यामधून वाट काढून गेलास. तेव्हाही तुला काही विचारावंसं वाटलं नाही. आणि त्या दिवशी माळावर वही घेऊन आलास ते विचारायला नव्हे, माझी चूक दाखवायला आला होतास. साहेबांनी मात्र विचारलं. त्यांच्याकडे जातोयस हे बरं झालं.

यंदा मार्गशीर्षात बहुतेक पळण होईल. रविवारी देवळात गावकऱ्यांनी अप्पांना विचारलं, वाडीचं या खेपेला तुम्हीच बघाल ना. मी बाहेर पायरीवर होते. अप्पा म्हणाले, "माका कित्याक विचारतास? गेल्या खेपेकय चेडवानच केल्यान. तिकाच विचारा." आपल्या मुलीनेच केलं, हे चार वर्षांत पहिल्यांदा बोलले. आता रोज कोणी ना कोणी येऊन मला खोपीची जागा विचारून जातं. तुला सुट्टी मिळाली तर ये. लिहायला माणूस लागेल.

साहेबांना उत्तर देताना सीतेचं नाव सांगू नकोस, बाकी सगळं सांग. आणि 'माझी बहीण' एवढ्यावर भागवू नकोस. वाडीत ते काम अप्पांच्या नावावर गेलं, अर्जात तुझ्या नावावर. या खेपेला कागदावर माझं नाव घाल, पूर्ण घाल. इंग्रजीत कसं लिहितात ते तू बघ. मराठीत असं लिहितात:

सुगंधा गंगाराम वायंगणकर