ते बुटांचं सांग

३ जानेवारी, शनिवार. दुपारी एक.

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांचं सगळं लिहून ठेवलेलं असतं, म्हणजे नंतर कुणाला शोधाशोध करावी लागत नाही.

मुख्य बातमी: बालकल्याण खात्याच्या युवा सल्लागार मंडळावर माझी निवड झाली. फॉस्टर घरांत, म्हणजे खात्याने सोपवलेल्या परक्या कुटुंबांत, वाढलेल्या मुलांचं म्हणणं थेट वरपर्यंत पोचावं म्हणून हे मंडळ काढलंय. दहा वर्षांत सात घरं, म्हणजे माझा अनुभव दांडगा. समन्वयक मॅडम म्हणाल्या, तुझ्यात लीडरशिप आहे. मला हे आधीपासून वाटत होतंच, पण बाहेरच्या कुणीतरी म्हणावं लागतं.

सकाळी धाकटीला भेटलो. माझी बहीण, चौदाची. ती अजून फॉस्टर घरातच आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमची भेट एक शनिवार आड, अकरा ते बारा, खात्याच्या भेट-खोलीत. गोल टेबल, एक चाक नसलेली खेळण्यातली मोटार, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यात नोंदी करणाऱ्या बाई. आपण हसलो तरी लिहितात. धाकटीला शब्द दिला: मेच्या आत नियम बदलून घेतो. दर शनिवारी, तीन तास, बाहेर बागेत, बाई नाहीत. ती म्हणाली, दादा, तू आधी आहेत त्या शनिवारी येत जा. लहान आहे. धोरणात्मक विचार करायचं तिचं वय नाही.

१२ जानेवारी, सोमवार.

पहिली बैठक. प्रस्ताव घेऊन गेलो, चार पानी, आठ कलमं, दुकानाच्या प्रिंटरवर छापलेला. (चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तात्पुरतं. चार वर्षं झाली.) अध्यक्षसाहेब म्हणाले, आधी ओळख होऊ दे. मॅडम म्हणाल्या, ते बुटांचं सांग.

बुटांचं असं. नव्या घरात गेलं की पहिले काही दिवस बूट घालूनच झोपायचं, कारण कधी उठवून दुसरीकडे नेतील याचा नेम नसतो. तीन मिनिटांची गोष्ट. संपली तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला. (डावी दांडी सैल आहे.) मग चहा झाला आणि वेळ संपली. माझा प्रस्ताव ‘इतर विषय’मध्ये गेला. सुरुवात झकास.

१७ जानेवारी, शनिवार.

नेतृत्व शिबिर, दिवसभर. आज धाकटीची भेट होती, पण दूरचा विचार केला. एक भेट गेली तर पन्नास मिळतील. कागदी कपांचा मनोरा रचायचा होता. आमच्या गटाचा पडला, कारण माझं कुणी ऐकत नव्हतं. प्रमाणपत्र मिळालं. त्यावर ‘कुमारी’ छापलंय.

२१ जानेवारी, बुधवार.

धाकटीचा फोन. बुधवारी दहा मिनिटं मिळतात. सात मिनिटं मी तिला मनोऱ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, मी पूर्ण तास बसून होते, बाईंनी तेही लिहून घेतलं. नोंदी चोख ठेवतात, हे मानलं पाहिजे.

२७ जानेवारी, मंगळवार.

मॅडमनी प्रस्ताव वाचला (पहिलं पान). म्हणाल्या, यात नुसते हक्कच हक्क आहेत, जबाबदारी कुठेय? साहेबांना बॅलन्स लागतो. मी तिथल्या तिथे कलम नऊ लिहून दिलं: जे भावंड लागोपाठ चार भेटी चुकवेल, त्याची वेळ रद्द, नव्याने अर्ज सहा महिन्यांनी. मॅडम म्हणाल्या, वा! कडक आहे, पण ज्यांना बहीणभावाची किंमत नाही त्यांना धडा मिळायलाच हवा.

दुकानात मालकांना वाचून दाखवलं. ते काच उजेडाला धरून बघत होते. म्हणाले, लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर हा बायफोकल घे, गिऱ्हाईक पाचला येणारंय. मालकांची दृष्टी जवळची आहे.

३१ जानेवारी, शनिवार.

वार्षिक अहवालासाठी माझा फोटो. दहाचं बोलावणं, साडेदहाला मोकळा, अकराला धाकटी. सगळं बसवलेलं. पण फोटोग्राफरला माझे बूट फारच नवे वाटले. त्याने कुणाचे तरी जुने आणवले, दोन नंबर लहान. म्हणाला, खिडकीबाहेर आशेने बघ. बाहेर पार्किंग होतं. तिथे अर्धा तास आशेने बघितलं.

लंगडत धावलो. पोचलो तेव्हा अकरा चाळीस. बाई म्हणाल्या, पंधरा मिनिटांच्या पुढे भेट चुकलेली धरतात. काकू, म्हणजे धाकटी ज्यांच्याकडे राहते त्या, तिला घेऊन गेल्या होत्या. टेबलावरच्या मोटारीला कुणीतरी चाकाच्या जागी बाटलीचं बूच बसवलं होतं. धाकटीचंच काम. मोटार चालत नाही, पण आता सरळ उभी राहते.

संकल्प: यापुढे बुटांची गोष्ट बंद. फक्त धोरण.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

वार्षिक संमेलन, तीनशे माणसं. ऐन वेळी डावपेच बदलला: आधी बूट, मग धोरण. बूट झाले, टाळ्या झाल्या, माइक पुढच्याकडे गेला. आज थोडी भर घातली: लेसची गाठ इतकी घट्ट की सकाळी पायावर वळ उठायचे. (हे स्टेजवर सुचलं.) तिसऱ्या रांगेत सहा रुमाल निघाले.

सगळं शनिवारीच का ठेवता, असं मॅडमना विचारलं. म्हणाल्या, तुम्हा मुलांच्या सोयीसाठी, तुम्ही शनिवारी मोकळे असता ना. मुद्दा ‘इतर विषय’मध्ये घेणार आहेत.

१८ फेब्रुवारी, बुधवार.

धाकटीने संमेलनाचा व्हिडिओ पाहिला. म्हणाली, दादा, बूट घालून मी झोपायचे, तू नाही. तू माझ्या लेस सोडायचास. बूट काढून उशाशी ठेवायचास आणि म्हणायचास, जायची वेळ आली तर मीच घालून देईन, झोप आता. मग मी झोपायचे.

आठवून पाहिलं. पहिली तीन घरं आम्ही एकत्र होतो. तिचंच बरोबर आहे. केव्हापासून ते बूट माझे झाले, काही केल्या आठवेना.

असो. नेत्याचा अनुभव हा सगळ्यांचा अनुभव असतो. शिवाय लेस सोडणाऱ्याच्या गोष्टीला रुमाल कोण काढणार? जेवण मात्र गेलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार.

येत्या शनिवारी, अकरा वाजता, माझा प्रस्ताव विषय क्रमांक एक! धाकटीला सांगितलं, ही शेवटचीच दांडी, यानंतर दर शनिवार आपलाच. ती म्हणाली, बरं. पटलं तिला.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी दोन.

इतिहास घडला. बूट न सांगता थेट कलमं वाचली. (बूट साहेबांनीच सांगितले, प्रास्ताविकात. वळांसकट.) कलम एक ते आठ विचाराधीन. बागेत सोबत कोण जाणार, तीन तास खोली कुठून आणणार, वगैरे. कलम नऊला साहेब सरसावून बसले. म्हणाले, हे व्यवहार्य आहे, याला ना जागा लागत ना माणूस. एकमताने मंजूर! मीही हात वर केला. कधीपासून लागू, असा प्रश्न निघाला. मीच सुचवलं, वर्षाच्या सुरुवातीपासून धरा, नोंदी स्वच्छ राहतात. साहेबांनी पाठ थोपटली.

आमच्यातल्या एकाने लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं नियम झालं. अशी पहिलीच वेळ आहे, मॅडम म्हणाल्या.

४ मार्च, बुधवार.

फोन आला नाही. परीक्षा असेल.

९ मार्च, सोमवार.

खात्याचं पत्र. अभिनंदनाचं असणार म्हणून मालकांसमोर फोडलं. मोठ्याने वाचायला लागलो.

कलम नऊनुसार आपली वेळ रद्द करण्यात येत आहे. चुकलेल्या भेटी: १७ जानेवारी, ३१ जानेवारी, १४ फेब्रुवारी, २८ फेब्रुवारी. नव्याने अर्ज सहा महिन्यांनी. वाक्यरचना ओळखीची वाटली. पूर्णविरामसुद्धा माझाच.

मालक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. मग स्वतः उठून चहा सांगून आले. चार वर्षांत पहिल्यांदा.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तुझ्यासाठी अपवाद केला तर तो तुझ्याच कामाचा अपमान होईल. बिनतोड मुद्दा. अर्ज कुठे करायचा विचारलं. मंडळाकडेच. अर्जदाराला आपली बाजू मांडायला तीन मिनिटं देतात.

११ मार्च, बुधवार.

काकूंनी फोन लावून दिला. धाकटीने विचारलं, येत्या शनिवारी नक्की ना? तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं.  तिने विचारलं, हा असला नियम केला कुणी?

म्हणालो, मंडळाने.

उरलेली सहा मिनिटं तशीच गेली. फोन दोघांनीही ठेवला नाही.

१४ मार्च, शनिवार. सकाळी अकरा.

दहालाच तयार झालो होतो. सवयीने नाही, कारण तशी सवय कधी नव्हतीच. बूट घालून पलंगावर बसलोय. तास झाला. लेस सोडवत नाहीत.

आत्ताच मॅडमचा मेसेज आला. कलम नऊ ही मंडळाची या वर्षातली सर्वांत मोठी कामगिरी ठरलीय. त्यावर मोठा कार्यक्रम आहे आणि मुख्य वक्ता मीच. आधी ते बुटांचं सांगायचं, मग नियम कसा सुचला ते. २८ मार्च, शनिवार, अकरा वाजता. जमेल ना, असं विचारलंय.

कळवलं, मोकळा आहे.