आतून आलेली तक्रार

ढोकी, ४ जानेवारी

पोचले एकदाची. सोलापूरहून एसटीत शेजारच्या बाईची कोथिंबीर मांडीवर घेऊन आले, तरी मन प्रसन्न आहे. भाची निकिताला आठवा महिना. तिची आई नाही, म्हणून बाळंतपणाला मी. जावई योगीराज पुण्याला नोकरीवर; महिनाअखेरीस येईल. घर नवं, स्वच्छ. कारखान्याचा गळीत हंगाम चालू असल्यानं मळीचा आंबूस वास पडद्यांत मुरलाय, तो सोसेन. समोरच्या बब्रुवानचा उसाचा ट्रॅक्टर मात्र सोसणार नाही. ट्रॅक्टर कसला, चालता लग्नाचा बँड! समज द्यायला गेले तर म्हणतो, "गाण्याबिगर ह्यो चढ चढत न्हाय, मॅडम."

निकिता हसून बेजार. तिनं माझा हात पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. या घरात माझ्या मताचं कुणीतरी आहे.

६ जानेवारी

आयतं बसून खाणं मला जमत नाही, म्हणून निकितानं काम दिलं. ती शेतकऱ्यांसाठी एक वेबपान बनवते आहे. नकाशावर हिरवे ठिपके. ठिपका दाबला की शेतातली मोटर बंद, ठिपका राखाडी. खाली तक्रारीची चौकट. पान अजून जगासमोर गेलेलं नाही, तिच्याच संगणकावरच्या सर्व्हरवर चालतं. जुन्या संगणकांवर ते कसं दिसेल हे बघायला तिनं आपल्या संगणकाच्या पोटात दुसरा, आभासी संगणक सुरू केलाय. त्या खिडकीत बसून मी चुका काढायच्या. बँकेत जन्मभर दुसरं काय केलं?

आधी पान उघडेचना. मी 'लोकलहोस्ट' लिहीत होते. निकिता म्हणाली, आतल्या यंत्राला लोकलहोस्ट म्हणजे ते स्वतःच; बाहेरच्या यंत्राला हाक मारायची तर पत्ता निराळा. तिनं सांगितला तो १०.०.२.२ लिहिला, पुढं सर्व्हरचं दार ८०८०. लगेच उघडलं.

काम संपल्यावर तिनं आतलं यंत्र थांबवलं. त्याला कळत नाही का, मी विचारलं.

"त्याला काय कळतंय, मावशी? जिथं थांबवलं तिथनंच पुढं चालतंय."

आणि बिघाड सापडला नाही तर? तर एकेक भाग बंद करून बघायचा, म्हणाली.

९ जानेवारी

आतली खिडकी सगळा पडदा व्यापते, त्यामुळं आपण आत आहोत की बाहेर हे लक्षात राहत नाही. आज मी बाहेरच होते आणि तोच पत्ता लिहिला. बाहेरून तो कुठंच पोचायला नको. पान उघडलं.

मांडणी निकिताच्याच पानाची, पण नकाशा आमच्या गल्लीचा. ठिपके हलत होते. स्वयंपाकघरात एक मोठा ठिपका आणि त्याच्या पोटात एक बारीक. खिडकीजवळ आणखी एक. मी खुर्ची सरकवली, तो सरकला.

निकिताला बोलावलं. तिला पान कोरं दिसलं. चष्म्याचा नंबर तपासून घ्या, म्हणाली.

बाहेर बँड चालूच होता. समोर तक्रारीची चौकट, आणि तक्रार कशी लिहावी हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी छडी घेऊन शिकवलेलं. लिहिली. समोरच्या ट्रॅक्टरचा गोंगाट बंद करण्याची अक्कल तुमच्यापैकी कुणाला असेल, तर कृपया ती वापरावी.

गाणं शब्दाच्या मध्येच तुटलं.

१० जानेवारी

ट्रॅक्टर तिथंच आहे. बब्रुवान स्टिअरिंगवर हात ठेवून बसलाय. तोंड उघडं, डोळे उघडे. नाकाशी बोट धरलं, श्वास नाही. अंग गरम. लोक खांबाला घालावा तसा त्याला वळसा घालून जातात. मी ओरडले, तेव्हा निकिता दारातून म्हणाली, "असं काय करताय मावशी? तो तसाच असतो की."

पानावर त्याचा ठिपका राखाडी. चौकटीत उत्तर आलंय: आतून कोण लिहितंय?

११ जानेवारी

मी ठणकावलं. माझं नाव विचारण्याआधी स्वतःचं सांगा, आणि त्या माणसाला चालू करा.

उत्तर: आतून इथं पोचता यायला नको. बिघाड आहे. एकेक बंद करून बघतो. सापडला की बाकीचे चालू करू.

१२ जानेवारी

दूधवाला फाटकाशी थांबलाय. माप तिरकं, धार हवेत. पडत नाही.

थांबवा, असं लिहिलं. उत्तर: अजून लिहितंय. म्हणजे हा नव्हे. पुढचा.

खिडकीतून शेजारच्या हरणाबाई दिसतात. अंगण झाडायला वाकलेल्या. वाकलेल्याच.

मी लिहिलं की ते पुढच्याकडं वळतात. आता एक अक्षर लिहिणार नाही. निकिताला म्हटलं, आत्ता सोलापूरला चल. या अवस्थेत कुठं हिंडवता मला, म्हणाली.

१३ जानेवारी, भोगी

निकिता भाकरीला तीळ लावत होती. आज बाळ हललं नाही, म्हणाली. हसत. दवाखान्यात चल म्हणून हाताला धरून ओढलं तर म्हणते, "तसंच असतं की, मावशी."

तसंच असतं.

पान बघितलं. मोठ्या ठिपक्यातला बारीक — राखाडी.

१४ जानेवारी

निकिता गॅससमोर उभी. हलत नाही. दूध पातेल्याच्या काठाशी येऊन थांबलंय. ज्योतही. गालाला हात लावला — गरम.

चौकटीत: लिहिणं थांबलंय. म्हणजे बिघाड या मोठ्या ठिपक्यातच होता. तो पुसून टाकतो.

नाही —

मी गप्प बसले म्हणून तिला — आणखी गप्प बसले तर मी वाचते. ती नाही. बाळ नाही.

लिहिलं. नाव विचारलं होतंत ना. मल्लम्मा. बिघाड मी. खिडकीजवळचा ठिपका. मोठ्याला हात लावू नका. त्यातल्या बारीकलाही. आधी त्यांना चालू करा, मग मला —

उत्तर नाही.

योगीराज येईल. मला वळसा घालून आत जाईल. निकिता सांगेल, मावशी तशीच असते. चालेल. फक्त पाळणा माझ्यासमोर बांधा, म्हणजे —

गाणं. तुटलेल्या शब्दापासून पुढं. किती कर्कश. वाजू दे, बब्रुवान, वाजू दे —

दूध उतू गेलं. निकितानं गॅस बंद केला. पोटावर हात ठेवलाय. मावशी, हलतंय, म्हणते. इकडं या, हात ठेवा. उठते आहे. हात पुढं के