बोटांची काजळी

प्रिय ताई,

आधी तेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. रायफल मी विकलेली नाही. तू फोनवर विचारायचीस आणि मी म्हणायचो, बोलणी चालू आहेत. ते अगदीच खोटं नव्हतं, बोलणी चालूच होती, फक्त विकण्याची नव्हती. फोनवर मला धड सांगता येत नाही. तू मधेच जेवलास का विचारतेस आणि माझं सगळं विसकटतं. म्हणून हा कागद.

तू म्हणाली होतीस, बाबांची रायफल माळ्यावर पडून आहे, कुणी घेतली तर दे, नाहीतर भंगारात घाल, पण घरात नको. मी किंमत विचारायला गेलो ते दस्तेवाल्या काकूंकडे. रायफलीचं खांद्याला लागतं ते लाकूड, तो दस्ता, त्या हातानं घडवतात. सायकलवाल्याच्या मागच्या बोळात दुकान आहे. आत दोन माणसं असली की तिसऱ्यानं श्वास बाहेर जाऊन घ्यायचा, एवढंच. काकूंनी नळीतून खिडकीकडे पाहिलं, लाकडावर नख मारलं आणि म्हणाल्या, नळी जिवंत आहे, लाकूड मेलंय. मग ते मेलेलं लाकूड इतका वेळ उलटसुलट करत बसल्या की मला वाटलं, मी आहे हे विसरल्या. भुशात एक मांजर झोपलं होतं. त्याच्या नाकात भुसा गेला, ते शिंकलं आणि स्वतःच्याच शिंकेला घाबरून पळालं. मी हसलो. काकू म्हणाल्या, हसायला सवड आहे तर हा ठोकळा धर. तेव्हापासून धरून आहे. तुला माझं माहीत आहे, कुठेही गेलो तरी दाराकडे तोंड करून बसतो. काकूंनाही ते लगेच कळलं. मला पाहुणे म्हणतात. रोज सकाळी विचारतात, काय पाहुणे, आहात की निघालात?

तर काम असं, की आपल्या रायफलीला नवा दस्ता करायचा. अक्रोडाचा ठोकळा घ्यायचा आणि त्यात नळी बसेल असा लांब चर खोदायचा. मला वाटलं होतं, खोदला की झालं. नाही! नळी अशी बसली पाहिजे की जणू लाकूडच तिच्याभोवती वाढलंय. त्याची युक्ती अशी की दिव्याची काजळी तेलात कालवायची, नळीच्या पोटाला हलकी फासायची, नळी चरात ठेवून लाकडी हातोडीनं एक टिचकी मारायची आणि अलगद उचलायची. जिथे काळा डाग उमटला, तिथे लाकूड उंच. पटाशीनं तेवढंच खरवडायचं, कांद्याच्या सालीएवढं. पुन्हा काजळी, पुन्हा टिचकी. असं करत करत नळी एकदाची बसली, तर काकू म्हणतात, आता पुढचं लाकूड नळीपासून सोडव. मी म्हटलं, अहो, इतके दिवस टेकवत होतो ना? तर म्हणे, मागे घट्ट धरायची, पुढे मोकळी सोडायची. गोळी सुटताना नळी थरथरते, लाकडानं तिला अडवलं की नेम भलतीकडे जातो. दोघांच्या मधून कागद सरकला पाहिजे. मला हे अजून नीट कळलेलं नाही, पण कागद सरकतो.

मधे एक घोटाळा केला, तोही सांगतो, कारण पुढे लागणार आहे. एका जागी डाग जाईचना. खरवडलं की पुन्हा काळं. सकाळभर मी तिथेच. काकू आल्या, वाकून बघितलं आणि माझा हात धरून उजेडात नेला. पाची बोटं काळी. नळी उचलताना मीच चरात बोटं टेकवत होतो आणि मग स्वतःचेच ठसे खरवडत होतो. काकू म्हणाल्या, वा पाहुणे, लाकडात नसलेला उंचवटा शोधून काढलात! तिथे खळगा पडला. त्यात अक्रोडाची पातळ पट्टी चिकटवून दिली त्यांनी. आता नीट दिसत नाही, पण नख फिरवलं की लागते.

आता मूळ गोष्ट, जिच्याभोवती मी घिरट्या घालतोय. जुना दस्ता हातात असताना काकूंनी विचारलं होतं, ही कोण चालवायचं? मी म्हटलं, माझी ताई, नेमबाजीच्या क्लबात, आधी चांगली चालवायची, मग सोडली. त्यांनी गालाची जागा दाखवली. उजव्या खांद्यानं चालवणाऱ्याचा गाल लाकडाच्या डाव्या अंगाला घासतो, पॉलिश तिथून उडतं. आपल्या दस्त्यावर डावं अंग नव्यासारखं आहे आणि वरची कड पार पांढरी पडलीय. काकू म्हणाल्या, ही पोरगी मान मोडून पलीकडे बघत होती, हिचा डोळा डावा असणार. तिला डाव्या खांद्यावर घेऊ दिली असती तर!

ताई, तू सगळं उजव्या हातानं करतेस. पण मला आठवलं, आपण बंद खोलीत काय चाललंय ते किल्लीच्या भोकातून बघायचो, तेव्हा तू नेहमी डावा डोळा लावायचीस आणि माझं डोकं ढकलायचीस. आणि बाबा मैदानावर तुझ्या मागे उभे राहून म्हणत राहायचे, मान सरळ, मान सरळ. दस्ता त्यांनी स्वतः तासला होता तुझ्यासाठी, रविवारचे रविवार. त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी दुसरा केला असता, असं मला वाटतं. की नसता केला? ते शेवटी म्हणाले होते, हिच्यात नेमच नाही. हे डाव्या डोळ्याचं तुला सांगावं की नाही, तेच मला कळत नाहीये. आता बाबा नाहीत. त्यांची चूक काढून कुणाचं भलं होणार आहे? पण तू अजूनही सुईत दोरा ओवताना म्हणतेस, माझा नेमच नाही बाई, आणि आई हसते. मी पण हसायचो.

आणि दस्त्याच्या मानेला, मूठ धरतो तिथे, जी चीर आहे ती. तू म्हणाली होतीस, जिन्यावरून हातातून सुटली. काकू म्हणाल्या, पडून नाही तडकलं हे, आपटून तडकलंय. मी काही विचारत नाहीये. फक्त तू जे करतेस ते पुरतं करतेस, एवढं मला माहीत आहे.

तर आता असं झालंय की चर पुरा झाला, नळी बसली आणि काकूंनी पटाशी काढून घेतली. म्हणाल्या, पुढच्या अर्ध्याला नळी पुरते, मागच्या अर्ध्याला माणूस लागतं. कुणासाठी करतोयस ते तिला विचारलंस का? मला वाटत होतं, पुरी करून तुझ्यासमोर ठेवावी. मग वाटलं, तिनं घराबाहेर काढलेली वस्तू मी चकचकीत करून तिच्याच दारात उभी करतोय. तुझ्या मनात मैदान अजून आहे, हे मला दिसतंय; की ती माझ्याच बोटांची काजळी आहे आणि मी ती खरवडत बसलोय, ते मला इथून ओळखता येत नाही. तूच बघ. अंगठा आणि बोट जुळवून कडी कर, हात लांब धर, दोन्ही डोळ्यांनी त्या कडीतून समोरच्या गच्चीवरची टाकी बघ. मग एकेक डोळा मीट. जो डोळा उघडा असताना टाकी कडीतच राहते, तो तुझा डोळा. तो डावा निघाला आणि तरी तुला काही नको असेल, तर नको एवढंच लिही. मी ठोकळा काकूंना देऊन टाकीन, पुन्हा विषय काढणार नाही. हवी असेल तर डावा हात कोपरात वाकवून, कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं माप दोऱ्यानं घे आणि दोरा पाकिटात घालून पाठव, मागचा अर्धा त्या मापानं तासायचा असतो. तोवर मी इथेच आहे. काकूंनी आज सकाळी विचारलं तेव्हा पहिल्यांदाच म्हणालो, आहे.

तुझाच,
भिंगरी