एकोडी केंद्रावर तिसरा

मी, यादोराव तुलाराम गहाणे, वय वर्षे सदुसष्ट, राहणार लाखनी, जिल्हा भंडारा, धंदा बातमीदारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून भुलवलेले नाही. पत्नी गोदावरीबाई शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत आहे आणि मी काय लिहितो हे तिने अजून विचारलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

तेहतीस वर्षे मी नागपूरच्या एका दैनिकाला आमच्या विधानसभा मतदारसंघाच्या बातम्या पाठवल्या. सर्वांत महत्त्वाचे पहिल्या ओळीत, अशी तिथली शिस्त, कारण जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. म्हणून येथेही तसेच करतो.

कलम १. मौजा एकोडी येथील आमच्या वडिलोपार्जित धानाच्या बांध्यांतील, म्हणजे भातखाचरांतील, माझा अर्धा हिस्सा माझे थोरले बंधू श्री. सुखराम तुलाराम गहाणे यांना द्यावा.

याचे कारण सांगतो. वडील गेले तेव्हा आम्ही दोघेही शाळेत होतो. दादाने चौथीनंतर पाटी ठेवली आणि नांगर धरला, म्हणून मी भंडाऱ्याला शिकलो. आजही दोन्ही हिस्से तोच वाहतो आणि माझ्या वाट्याचे तांदूळ न चुकता लाखनीला पोचवतो. गावच्या बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी आधी माझ्या हिश्श्यात येते, मग त्याच्या. माझा हिस्सा परक्याने घेऊन पाट अडवला, तर दादाच्या बांध्या कोरड्या पडतील. दादा बहात्तर वर्षांचा आहे आणि त्याचा मुलगा सेवकराम याचा संसार त्याच धानावर चालतो.

माझा मुलगा भोजराज याचा विचार वेगळा आहे आणि त्याने तो लपवला नाही. त्याला तो हिस्सा विकून ट्रक घ्यायचा आहे. "बाबा, मोठेबाबा तुमचा हिस्सा वाहून राहिले, आपल्याले काय भेटते?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "तांदूळ भेटते. आताच दोनदा भात वाढून घेतला तू." तो हसला, पण पटले नाही. मृत्युपत्र न करता मी गेलो तर तो विकेल, हे त्याला माहीत आहे, मलाही माहीत आहे. म्हणून हे कलम.

कलम २. लाखनीचे घर गोदावरीबाईच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर भोजराजचे. रस्त्याकडच्या ओट्यावर त्याने खुशाल टायरचे दुकान काढावे. आमच्या दारावरून दिवसभर ट्रक जातात, धंदा चालेल. मात्र ओट्याची काळी रंगवलेली भिंत तशीच ठेवावी. त्या भिंतीवर मी प्रत्येक निवडणुकीत फेरीगणिक आकडे खडूने लिहीत आलो. ट्रकवालेसुद्धा गाडी थांबवून वाचत. निकालाच्या दिवशी टायर थोडे बाजूला सरकवावेत, एवढीच अट.

याच ओट्यावर गोदावरीबाईने एक रीत पाडली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी हरलेल्या प्रत्येक उमेदवाराला आमच्याकडे चहा. पक्ष कोणताही असो. "जितला त्याले चहा पाजणारे लई भेटतात," असे ती म्हणे. मी त्या चहावर एकही बातमी केली नाही आणि हरलेल्यांनी तिथे जे सांगितले ते कागदावर आणले नाही. माझ्यावर लोकांनी विश्वास ठेवला तो माझ्या लेखणीपेक्षा या चहामुळे. त्याबद्दल मी पत्नीचे आभार कधी मानले नाहीत, ते येथे लेखी मानतो.

कलम ३. आमच्या मतदारसंघाच्या निकालांची सर्व कात्रणे लाखनीच्या वाचनालयाला द्यावीत. नव्या पोरांना ती कळावीत म्हणून थोडा खुलासा करतो. एकोणीसशे बावन्नमध्ये आम्ही मध्य प्रदेशात होतो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि आमच्या भागात एका पेटीला बायांनी हळद-कुंकू लावले होते. सत्तावन्नमध्ये आम्ही मुंबई राज्यात गेलो, बासष्टमध्ये महाराष्ट्रात. एवढ्यात मी घर बदलले नाही, खुर्चीसुद्धा बदलली नाही. बासष्टला शिक्का मारायची पत्रिका आली. अठ्ठ्याहत्तरला सीमा नव्याने आखल्या आणि एकोडी शेजारच्या मतदारसंघात गेले. ऐंशीला मुदतीआधीच पुन्हा मतदान झाले. यंदा पंच्याऐंशीला शेवटच्या फेरीपर्यंत कोण पुढे ते कळत नव्हते आणि भिंतीवर खडू पुरला नाही. अशा प्रत्येक वेळी मी जागेवर होतो, हे माझे भाग्य.

सदुसष्टचे कात्रण मात्र जपून हाताळावे. त्या वर्षी दादा स्वतः अपक्ष उभा होता. महिनाभर तो नदीपलीकडची गावे पायी फिरला आणि तिकडे त्याला चांगली मते पडली. एकोडीत मात्र तो मत मागायला गेलाच नाही. घरच्यांना काय सांगायचे, असा त्याचा हिशेब. आमच्याकडे सख्ख्या भावालासुद्धा लग्नाचे बोलावणे त्याच्या दारात जाऊन, अक्षत देऊन करावे लागते. नाही केले तर तो मांडवात येत नाही. एकोडीने तेच केले. एकोडीतल्या आमच्या घराशेजारच्या पार्वताबाई मला म्हणाल्या, "सुखराम आला असता तं देलं असतं बापा. आमच्या आंगनातून नदीपल्याड गेला, पर आमच्या दारात उभा नाही झाला."

तेव्हा मते केंद्रवार मोजत. हल्लीसारख्या पत्रिका मिसळत नसत, त्यामुळे कोणत्या गावाने काय केले ते उघड होई. मी बातमी पाठवली. तिच्यात एक ओळ होती: "श्री. सुखराम गहाणे हे स्वतःच्या एकोडी गावच्या केंद्रावर तिसऱ्या क्रमांकावर राहिले." ओळ खरी होती. दुसऱ्या कोणाबद्दल लिहिली असती, म्हणून त्याच्याबद्दलही लिहिली. आजही लिहीन.

दुसऱ्या दिवशी ती छापून आली. दादा मोजणी आटोपून एस. टी.ने भंडाऱ्याहून परतत होता. गोदावरीबाई कपबशी घेऊन लाखनीच्या थांब्यावर उभी राहिली. गाडी थांबली. दादाने खिडकीतून तिच्याकडे पाहिले, मान खाली घातली, आणि गाडी निघाली. तेव्हापासून तो माझ्याशी बोललेला नाही. तांदूळ सेवकरामच्या हाती येतात. पोळ्याला गोदावरीबाई एकटीच एकोडीला जाते.

कलम ४. पोस्टातील बचत गोदावरीबाईची. रेडिओही तिचाच, नाहीतरी मला फक्त बातम्यांपुरताच मिळत असे. सायकल एस. टी.चे निवृत्त कंडक्टर श्री. गुलाब यांना. माझे बातमीचे पाकीट त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या थैलीत घालून नागपूरला नेले आणि वर विचारले, "आज कोण पडलं, गुरुजी?" मी गुरुजी नव्हतो, पण त्यांना तसे वाटत असेल तर मी कशाला दुरुस्त करू.

कलम ५. माझ्या बातमीचा शेवटचा परिच्छेद कापणाऱ्या सर्व उपसंपादकांना मी माफ करतो. ज्या विजयी उमेदवाराने बहात्तरच्या मिरवणुकीत माझी छत्री नेली आणि परत दिली नाही, त्याला करत नाही. त्याला माझ्या तेरवीचे जेवण मात्र द्यावे.

येथवर लिहून मी मसुदा साकोलीच्या कचेरीतले अर्जनवीस श्री. पुंडलिकराव यांना दाखवला आणि कलम १ दादाच्या कानावर घालण्यासाठी गोदावरीबाईला एकोडीला पाठवले. ती संध्याकाळी परत आली. दादा एवढेच म्हणाला होता, "तो सोता आला का सांगाले? बायकोले पाठवते. मले नाही पायजे त्याचं वावर."

म्हणून पुढील मजकूर नंतर लिहिला आहे.

कलम ६. गेल्या रविवारी मी, गोदावरीबाई आणि पुंडलिकराव एस. टी.ने एकोडीला गेलो. भोजराज म्हणाला, "तुमची तब्येत पाहा, मी जातो मोठेबाबाकडे." मी म्हटले, हे काम दुसऱ्याच्या हाताने होत नाही. तेव्हा तोही आला.

दादा अंगणात खाटेवर बसला होता. मी दारात उभा राहिलो आणि हात जोडले. दादाने सेवकरामला हाक मारली, "सेवक, पाय बरं, कोण्या पक्षाचा उमेदवार आला."

मी म्हटले, "दादा, मत मांगाले आलो."

"निशाणी कोणती?"

गोदावरीबाई डोक्यावरचा पदर सावरत मागून म्हणाली, "निशाणी नाही जी, आजारी माणूस होय. आंधी पाणी तं द्या."

पाणी आले. दादाने मला खाटेवर जागा दिली. मग म्हणाला, "तुह्या पेपरात मी तिसऱ्या नंबरावर होतो. मंग मृत्युपत्रात पह्यल्या नंबरावर काहून टाकून राहिला?"

"ती ओळ खोटी होती का दादा?"

"खरी होती, म्हणूनच तं झोंबली. खोटी असती तं दुसऱ्या दिवशी येऊन तुह्या कानाखाली देली असती अन् मोकळा झालो असतो. खऱ्याचं काय करू?"

मी त्याला नांगराचे, चौथीच्या पाटीचे सांगू लागलो. त्याने हाताने थांबवले. "ते मी तुह्यासाठी नाही केलं. मले गणित येत नव्हतं." मला हे खरे वाटत नाही. येथे नोंद करून ठेवतो की वाडवडिलांच्या शेताचे सगळे माप दादाला तोंडपाठ आहे.

नंतर तो म्हणाला, "वावर माह्या नावानं नको. गाव म्हणन, भावाची बातमी गिळली तं वावर भेटलं. देचं असन तं सेवकले दे." मग विचारले, "साक्षीले कोण आहे तुह्या?"

पुंडलिकरावांनी समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार न होणे बरे. पुढे कोणी वाद काढू शकतो.

"मले तं काही भेटून नाही राहिलं," दादा म्हणाला. "मंग मी चालतो ना?"

पुंडलिकराव म्हणाले, साक्षीदाराने सही फक्त पाहायची, मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. दादा म्हणाला, "याचं लिहिलेलं मी वाचल्याबिगर सोडत नाही." चष्मा आणवून, ओळीखाली बोट ठेवून त्याने वरील पाचही कलमे वाचली. भोजराज बाजूला बसून पाहत होता. कलम २ ला दादा त्याला म्हणाला, "भिंत राहू दे पोरा." भोजराज म्हणाला, "राहू देतो मोठेबाबा. ट्रकचं मंग पाहू." कलम ३ वर दादाचे बोट बराच वेळ एका जागी थांबले, मग पुढे सरकले.

कलम ७. कलम १ मी रद्द करतो. एकोडीच्या बांध्यांतील माझा अर्धा हिस्सा पुतण्या सेवकराम सुखराम गहाणे याला मिळावा. पाट आहे तसाच वाहावा. कात्रणांसोबत वाचनालयाला देण्यासाठी या कलमांची एक नक्कल काढावी, म्हणजे सदुसष्टच्या निकालाची बातमी पूर्ण होईल.

ज्यांनी मला खरे लिहू दिले आणि त्यानंतरही घरात घेतले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. वरील सर्व मजकूर माझा आहे, खाडाखोड केली तेथे माझी आद्याक्षरे आहेत, आणि ही सही मी आज पुन्हा एकोडीला येऊन दोन्ही साक्षीदारांच्या देखत करत आहे.

मुक्काम एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा
दिनांक २८ एप्रिल १९८५

(सही) यादोराव तुलाराम गहाणे

साक्षीदार:

(सही) पुंडलिकराव, अर्जनवीस, साकोली. सही माझ्यासमोर झाली.

(सही) सुखराम तुलाराम गहाणे, थोरला भाऊ, राहणार एकोडी. सही माह्यासमोर झाली. समदं वाचलं. सदुसष्टची ओळ बी वाचली. खरी आहे.