जास्त झालेलं अंडं

सूनबाई,

मी बागेत चालायला गेलोय. काठी दाराआड ठेवलीय, ती घेऊन माझ्यामागे धावत येऊ नकोस. काल तीन मजले कठडा न धरता चढलो. तू ऑफिसात होतीस, नाहीतर दाखवलं असतं.

आता एक कबुली. तुझ्या नवऱ्याने आणलेली प्रोटीनची पावडर मी फक्त पहिल्या दिवशी प्यायलो. ओल्या खडूसारखी लागते. डबा उघडून किती संपली ते तो बघतो, म्हणून रोज एक चमचा बेसिनमध्ये सोडत होतो. त्याला तूच सांग, मला त्याचा ओरडा झेपत नाही.

पाय चालू लागले ते तुझ्या डाळीवर, दुधावर आणि त्या रोजच्या अंड्यावर. "माझं डब्यात घेतलंय, आज एक जास्तच उकडलं, संपवून टाका," असं तू तीन महिने रोज म्हणतेस. पडलो तेव्हा माझं हाड मोडलं होतं, डोकं शाबूत आहे. तुझा जेवणाचा डबा संध्याकाळी मीच घासतो. त्यात बलकाचा कणही कधी सापडला नाही.

आज अंडी मी उकडलीत. दोन्ही तुझ्या डब्यात आहेत. जास्त झालेली नाहीत, मोजून दोनच घातली होती.

— बाबा