गाडीसाठी ठेवलेली कळशी

अण्णा, माझी गाडी कधी तापत नाही. तरी अंबाजोगाईचा चढ लागला की नजर काट्यावर जाते आणि शेजारून तुम्ही विचारता, "पानी भरलं का गं?"

त्या सकाळीही हेच विचारलं होतंत. आपल्या जुन्या अँबॅसिडरच्या रेडिएटरचा पाइप बदलून मिस्त्रीकाकांनी आदल्या दिवशी गाडी घरी आणून दिली होती. "पानी हितवर येन्यापुरतंच हाय. सकाळी कळशीभर वत, इसरू नको," असं मला बजावून गेले, कारण गाडीत पाणी भरायचं काम माझं. घाटनांदूरला टँकर चार दिवस आला नव्हता. घरात एकच कळशी होती, गाडीसाठी झाकून ठेवलेली. आणि माझा कॉलेजचा पहिला दिवस. मी त्या पाण्यानं केस धुतले. तुम्ही विचारलंत तेव्हा म्हटलं, भरलं.

चढाच्या मध्यावर वाफ आली, करकर आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. वाफ निवल्यावर तुम्ही झाकण उघडून आत बघितलंत, बराच वेळ बघितलंत. मग माझ्याकडं. "केस वल्ले हायेत तुजे," एवढंच म्हणालात. "काच वर घे, सर्दी व्हईल."

गॅरेजात मात्र मिस्त्रीकाकांवर तुटून पडलात. "पाइप ढिला बसवलास बे तू! समदं पानी गळालं!" शाळेपासूनचा दोस्त तुमचा. ते शपथा घेत राहिले, तुम्ही ऐकलं नाही. तेव्हा जो तो जुन्या गाडीत डिझेल इंजिन टाकत होता. तुम्ही गाडी परळीला ओढून नेलीत आणि परक्या माणसाकडून ते बसवून आणलंत. गाडी पुढं लई चालली, पण आवाज पार ट्रॅक्टरचा. लांबून आवाज ओळखून चहा ठेवणारी आई दार वाजेपर्यंत जागची हलेना. मिस्त्रीकाकांचं येणं तर बंदच झालं. तुम्ही गेलात त्या दिवशी आले, तेही गर्दीत मागंच उभे राहिले.

अण्णा, तुम्हाला कळलं होतं ना? थेंबभर पाणी नसलेल्या घरातून पोरगी ओल्या केसांनी निघाली, एवढं तुमच्या ध्यानात आलं नसेल? माझ्यासाठी दोस्त तोडलात, की खरंच तुम्हाला पाइपच ढिला वाटला? कुठलं उत्तर मला जास्त सोसणार नाही, तेही सांगता येत नाही.

काल सांगून टाकायचंच ठरवून गॅरेजपुढं थांबले. काका पार वाकलेत. मी काही बोलायच्या आत त्यांनी बॉनेट उघडलं, पाणी पाहिलं आणि आतच बघत म्हणाले, "बाई, पाइप माज्याकूनच ढिला ऱ्हायला आसंल. लई वर्सं इचार केला मी. तुज्या बापाचं खरं हुतं."

माझ्या तोंडून काय निघालं ते तुम्हालाच सांगते, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या काका, अण्णांच्या मनात काही नव्हतं." अगदी माफ केल्यासारखं म्हटलं. आणि त्यांनी मला हात जोडले.